थ्री स्टार अलाइनमेंट सक्सेसफुल, तरी तारे लांबट? पोलर आणि स्टार अलाइनमेंटमधला घोळ

दर वर्षी पाऊस संपून आभाळ मोकळं झालं की हा प्रश्न ऐकायला मिळतो. नवीन इक्वेटोरियल माउंट (दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारा मोटरवाला स्टँड) घेतलं, थ्री स्टार अलाइनमेंट केलं, हँडसेटवर, म्हणजे माउंटच्या रिमोटवर, सक्सेसफुल आलं, गो-टू (टार्गेटकडे दुर्बीण आपोआप नेणं) पण मस्त चालतंय, टार्गेट बरोबर मधोमध येतं, मग दोन मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये तारे लांबट का, माउंट बिघडलंय का? आणि कुणीतरी शेजारून सांगतं, परत एकदा अलाइन कर, या वेळी तीनऐवजी चार तारे घे. हा सल्ला ऐकला की खरंच जीव तुटतो, कारण आता तो माणूस अमावास्येच्या रात्रीचा एक तास हँडसेटशी झटापट करण्यात घालवणार आणि तारे होते तसेच लांबट राहणार. चार काय, चाळीस तारे घेतले तरी तसेच राहणार.

स्टार अलाइनमेंट तुम्हाला येतं, त्यामुळे ते पटकन उरकतो. साइट, तारीख, वेळ भरायची, हँडसेट एका ताऱ्याकडे नेतो, तुम्ही बटणं दाबून तारा मध्यावर आणता, एंटर, पुढचा तारा. यातून हँडसेटला कळतं की मला वाटतं तिथे आणि खरंच आकाशात जिथे तारा आहे तिथे इतका फरक आहे, आणि तो हा फरक लक्षात ठेवून पुढचं प्रत्येक गो-टू सुधारून घेतो. ज्यांनी आधी अल्ट-अझिमथ (सरळ वर-खाली आणि आडवं फिरणारं) गो-टू वापरलंय त्यांच्यासाठी तर अलाइनमेंट म्हणजे एवढंच असतं, दुसरं काही करावंच लागत नाही, आणि घोळाची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते.

पोलर अलाइनमेंटमध्ये हँडसेटचा संबंध जवळजवळ नाही. माउंटचा आरए अक्ष, म्हणजे ज्याभोवती दुर्बीण ताऱ्यामागे फिरते तो, पृथ्वीच्या अक्षाला समांतर करायचा. ते काम होतं खालच्या दोन जोडी बोल्टांनी, एक जोडी वर-खाली करते आणि एक डावीकडे-उजवीकडे. जात्याचा खुंटा तिरका बसला असेल तर वरची तळी कितीही बेताने फिरवा, ती तिरकीच फिरणार, तसंच हे आहे. मोटर खुंटा सरळ करत नाही, मोटर फक्त फिरवते.

आता खरी गोम. गो-टू अचूक आहे म्हणजे पोलर पण ठीक असणार असं जवळपास सगळ्यांना वाटतं, आणि हे अजिबात खरं नाही. उलट स्टार अलाइनमेंट नीट झालं की पोलरची चूक झाकली जाते. समजा तुमचा अक्ष ध्रुवापासून अख्खा एक अंश हुकलाय. पहिल्या ताऱ्याला दुर्बीण थोडी चुकेल, तुम्ही बटणांनी मध्यावर आणाल, दुसऱ्याला परत तेच, तिसऱ्याला चूक कमी झालेली दिसेल, आणि हँडसेट एक अंशाचा तिरपेपणा हिशोबात धरून टाकेल. त्यानंतर तो तुम्हाला देवयानी दीर्घिकेकडे व्यवस्थित नेईल. सक्सेसफुलचा अर्थ एवढाच की हँडसेटचा हिशोब जुळला. बोल्ट आहेत तिथेच आहेत, आणि ते सरळ आहेत की नाही हे तो शब्द सांगत नाही.

मग हँडसेटला तिरपेपणा माहीत आहे तर तो ट्रॅकिंग करताना का सुधारत नाही? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर फार कमी लोक सांगतात. टार्गेटवर पोचल्यावर आपली नेहमीची माउंट्स एकच मोटर चालवतात, आरएची, सायडेरियल वेगाने, म्हणजे तारे आकाशात फिरतात त्या वेगाने, सेकंदाला साधारण 15 आर्कसेकंद (अंशाचे 60 भाग म्हणजे आर्कमिनिट, त्याचे 60 भाग म्हणजे आर्कसेकंद). डेक्लिनेशनची, म्हणजे डेकची, आकाशात उत्तर-दक्षिण नेणारी मोटर त्या वेळी थांबलेली असते. अक्ष तिरका असेल तर तारा हळूहळू डेकच्या दिशेने सरकत जातो आणि त्याला परत आणणारं कुणी नसतं. दोन्ही मोटरी वापरून मॉडेलप्रमाणे ट्रॅक करणारी माउंट्स असतात, टेन मायक्रॉनची वगैरे, पण ती किमतीच्या दुसऱ्याच गल्लीत राहतात आणि त्यांनाही पोलर करावं लागतंच.

किती सरकतो हे आकड्यांत बघा, म्हणजे वाद मिटतील. अक्ष 1 आर्कमिनिट चुकला तर वाईटात वाईट ठिकाणी डेकमध्ये मिनिटाला साधारण 0.26 आर्कसेकंद सरक. आता 400 मिमी फोकल लेंग्थची छोटी दुर्बीण आणि 3.76 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा धरला तर एक पिक्सेल म्हणजे 1.94 आर्कसेकंद. चूक 10 आर्कमिनिट असेल तर मिनिटाला 2.6 आर्कसेकंद, पाच मिनिटांत 13, म्हणजे जवळजवळ सात पिक्सेल, तारा सरळसरळ रेघ झाला. पण त्याच माउंटवर त्याच चुकीसकट 30 सेकंदांचा फोटो काढला तर सरक एका पिक्सेलपेक्षाही कमी, तारे गोल दिसणार. म्हणूनच कुणी छातीठोकपणे म्हणतं की मी पोलर कधीच नीट करत नाही आणि माझे फोटो झकास येतात. येत असतील, 30 सेकंदांचे, छोट्या लेन्सने. तोच सल्ला 1000 मिमीवाल्याला देऊ नका, हात जोडून सांगतो.

आणि ध्रुवतारा क्रॉसहेअरच्या मधोमध ठेवला की पोलर झालं, हेही सोडा. सध्या ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साधारण 38 आर्कमिनिट लांब आहे, चंद्राच्या पूर्ण बिंबापेक्षा जास्त. मधोमध ठेवाल तर वरच्याच हिशोबाने मिनिटाला 10 आर्कसेकंद सरक होऊ शकते, वरच्या सेटअपला पाच पिक्सेल. तो पोलर स्कोपमधल्या (आरए अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतल्या) छोट्या वर्तुळावर, त्या वेळेला जिथे हवा तिथे ठेवायचा असतो.

गायडिंग (छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर, म्हणजे गाइड स्टारवर, नजर ठेवून माउंट सतत सुधारत राहणं) लावलं की पोलरची गरज नाही, हे आणखी एक लाडकं वाक्य. गायडिंग डेकची सरक ओढून आणतं हे खरं, पण ते एकाच गाइड स्टारला जागेवर धरतं आणि बाकीचं सगळं आकाश त्याच्याभोवती हळूहळू फिरत राहतं. फील्ड रोटेशन. फोटोत गाइड स्टारच्या जवळचे तारे गोल आणि लांबच्या कोपऱ्यातले कमानीसारखे, सगळे एकाच केंद्राभोवती वळलेले दिसले की समजायचं. लोक याला फ्लॅटनरचं (कोपऱ्यातले तारेही गोल ठेवणाऱ्या भिंगाचं) अंतर चुकलंय समजून महिनोन्महिने स्पेसर बदलत बसतात. फ्लॅटनर चुकला असेल तर तो छोट्या एक्सपोजरमध्येही तेवढाच दिसतो, रोटेशन मात्र एक्सपोजर वाढवला तसं वाढतं, इतकी सोपी तपासणी आहे. माझ्या मते गायडिंग करणाऱ्याने 5 आर्कमिनिटच्या आत यावं आणि पुढे जावं, 10 आर्कसेकंदांच्या मागे लागून रात्र जाळू नये.

मग गडबड झाली की बघायचं काय? टार्गेट फ्रेममध्ये येतच नसेल तर आधी साइट, तारीख, वेळ, मग स्टार अलाइनमेंट. टार्गेट येतं पण टिकत नाही, तर गायडिंग बंद करून एखादा तारा बघत बसा आणि तो कुठल्या दिशेला जातो ते पाहा. डेकमध्ये एकाच दिशेने सावकाश जातोय, तर बहुतेक पोलर. आरएमध्ये पुढे-मागे झुलतोय, तर ती वर्मची (मोटरने फिरणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरची) पीरिऑडिक एरर, म्हणजे ठरावीक वेळाने परत येणारी चूक, ईक्यू 6 माउंटला ती साधारण 479 सेकंदांत आणि एचईक्यू 5 ला 638 सेकंदांत एक फेरी पूर्ण करते, आणि ही दोन्हींपैकी कुठल्याच अलाइनमेंटने जात नाही, तिला गायडिंग किंवा पीईसी (ही चूक नोंदवून ठेवून ती भरून काढणारी माउंटची सोय). मधेच एकदम उडी मारली तर केबल अडकतेय का बघा.

पोलर ड्रिफ्टने, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून, तपासायचं तर जानेवारीत रात्री दहाच्या आसपास मृगातला तीन ताऱ्यांचा बाण याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतो आणि खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून, याहून चांगली जागा नाही. तिथला तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे झुकलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे. मग पूर्वेला खाली असलेला एखादा तारा घ्या, तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर.

पहिल्याच ताऱ्याला किती चूक आहे तेही बोलकं असतं. होम पोझिशन नीट असताना, म्हणजे काउंटरवेट खाली आणि दुर्बीण ध्रुवाकडे, पहिला तारा साडेसात अंशांनी चुकला आणि दुर्बीण पश्चिमेला गेली तर टाइम झोन +5:30 च्या जागी +5:00 भरलाय. पंधरा अंश पूर्वेला गेली तर डेलाइट सेव्हिंगला यस दिलंय. फारच भलतीकडे, जमिनीकडे वगैरे, तर तारीख बघा. सिनस्कॅन हँडसेट आधी महिना मागतो मग दिवस, आपण सवयीने 5 जानेवारीला 05/01 टाकतो आणि हँडसेट 1 मे धरून बसतो. तो आधी रेखांश विचारतो आणि मग अक्षांश, आणि तेही अंश आणि मिनिटांत, फोनवरचं 18.52 म्हणजे 18 अंश 31 मिनिटं, 52 नाही.

दोन्हींना जोडणारा धागा असेल तर तो इथे आहे. पोलर स्कोपमध्ये ध्रुवतारा कुठल्या काट्यावर ठेवायचा हे हँडसेट याच तारीख-वेळ-रेखांशावरून सांगतो. ते चुकलं की काटा चुकतो, आणि तुम्ही मन लावून चुकीच्या जागी पोलर करता.

क्रम अगदी साधा, आधी पोलर मग स्टार, आणि नंतर बोल्टला हात लावला तर स्टार अलाइनमेंट परत. सेलेस्ट्रॉनचं ऑल-स्टार पोलर अलाइन उलटं चालतं, त्यात आधी तारे मग बोल्ट, पण शेवटी परत तारे आहेतच. बबल लेव्हलवर अर्धा तास घालवणाऱ्यांना कळकळीची विनंती, ट्रायपॉड जरा कलता असला तरी पोलर बरोबर होऊ शकतं. लेव्हलचा फायदा इतकाच की एक बोल्ट फिरवताना दुसरी दिशा फार बिघडत नाही.

आपल्याकडे पोलर जड जातं याला कारणही आहे. पुण्यात ध्रुवतारा साडेअठरा अंशांवर, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस, हात लांब करून दोन मुठींच्या आसपास, बस्स. सह्याद्रीत उत्तरेला एखादी डोंगरधार आली किंवा शहराचा उजेड आणि धुरकं आलं की गेला. शिवाय इतक्या खाली हवेमुळे तो जवळजवळ 3 आर्कमिनिट वर उचललेला दिसतो. पेंचचं डार्क स्काय पार्क (जानेवारी 2024 मध्ये मान्यता मिळालेलं भारतातलं पहिलं) थोडं उत्तरेला, पण फार फरक नाही. खरा फरक लडाखमधल्या हानलेला, तिथे अक्षांश पावणेतेहतीस अंश. पुण्याचं माउंट तिथे नेलं तर आल्टिट्यूड (वर-खालीच्या) बोल्टने चौदा अंशांहून जास्त वर उचलावं लागतं. हँडसेटमध्ये साइट बदलली की झालं असं समजणारे भेटतात, आणि बोल्ट फिरवला मग साइट कशाला बदलायची असं समजणारेही भेटतात. दोन्ही करायचं असतं.

बाल्कनी दक्षिणेला असेल, ध्रुव दिसतच नसेल, तरी हातपाय गाळू नका. निना या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागात तीन फोटो काढून प्लेट सॉल्व्ह करतं (फोटोतल्या ताऱ्यांवरून जागा ओळखतं) आणि चूक किती, कुठल्या दिशेला ते स्क्रीनवर दाखवतं, तुम्ही बोल्ट फिरवत आकडा कमी करायचा. सुरुवातीला दिशेसाठी फोनचा कंपास चालतो, महाराष्ट्रात चुंबकीय आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाचाही फरक नाही, फक्त तो माउंटच्या लोखंडापासून लांब धरून बघा. आणि प्लेट सॉल्व्हिंग हाताशी असेल तर स्टार अलाइनमेंट मी सरळ सोडून देतो, फोटो काढून सॉल्व्ह केलं की कॅमेरा कुठे बघतोय ते कॉम्प्युटरला नेमकं कळतं, तो स्वतः टार्गेट मध्यावर आणतो. पोलर मात्र सोडायचं नाही. बोल्ट फिरवताना समोरचा ढिला केल्याशिवाय मागचा दाबू नका, ट्यूब आणि वजनं चढवलेली असतील तर एका हाताने माउंटचा भार थोडा उचलून धरा, आणि शेवटी आवळताना अक्ष परत काही आर्कमिनिट हलतो म्हणून आवळून झाल्यावर एक रीडिंग पुन्हा घ्या.