जुनी जीप नावावर करताना अर्ज कुठे अडकतो

कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की आमच्याकडे जुन्या जीपचे सौदे सुरू होतात. एमएम 540, मेजर, क्वचित एखादी सीजे 340. चारही चाकं ओढणारी असली तर चिखलातूनही वावरापर्यंत जाते, त्यामुळे हौसेपेक्षा गरजेपोटी घेणारेच जास्त. घेणारा इंजिन कान देऊन ऐकतो, खाली वाकून गंज पाहतो. आरसी बुक मात्र बयाणा दिल्यावर उघडतो, आणि अर्ज परत येतो तो त्या बुकापायी.

सरळ प्रकरणात फार काही नाही. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज आणि शुल्क, फॉर्म 29 (विक्रीची खबर) च्या दोन प्रती, फॉर्म 30 (नावबदलाचा अर्ज), दोघांच्या सह्या, आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा, ते नसेल तर, फॉर्म 60. पण पंचवीस-तीस वर्षांच्या जीपचं प्रकरण सरळ नसतंच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ‘लाइफटाइम टॅक्स’ या शब्दांवर. टॅक्स एकदाच भरला म्हणजे नोंदणीही कायमची, असा समज गावोगावी आहे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून, गाडी प्रत्यक्ष तपासणीला नेऊन ती वाढवावी लागते. पर्यावरण कर वेगळा. अर्ज मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. उशीर झाला तर महिन्याला 500 रुपये जादा, आणि ऑगस्ट 2025 च्या बदलानंतर 20 वर्षांवरच्या हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्कच 10 हजार आहे. मुदत संपलेली असेल तर आधी नूतनीकरण, मग नाव. हा खर्च कोण देणार ते बयाण्याआधी ठरवा, नंतर विकणारा फोन उचलत नाही.

‘ही व्हिंटेज आहे, हिला काही लागत नाही’ हेही ऐकायला मिळतं. व्हिंटेज नोंदणी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते, शुल्क 20 हजार, आणि तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. खताची पोती वाहायला व्हिंटेज जीप काय कामाची?

दुसरी अडचण बोज्याची. कर्ज कधीच फिटलं, पण बुकावर पतसंस्थेचं नाव तसंच. तो उतरवायला फॉर्म 35 वर संस्थेचा सही-शिक्का आणि ना-हरकत पत्र लागतं. संस्था बंद पडून जमाना झाला, तिथे आता किराणा दुकान आहे. आरटीओच्या खिडकीवरचे साहेब एवढंच म्हणतात, ‘एनओसी (ना-हरकत पत्र) आणा’. कुठून आणायची ते सांगत नाहीत. संस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली असेल, तर ते काम पाहणारा अवसायक कोण हे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधक कार्यालयात विचारा. पत्र त्या अवसायकाकडूनच घ्यायचं. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर त्या दुसऱ्या बँकेकडून. कर्जफेडीची जुनी पावती सापडली तर काम बरंच हलकं होतं, म्हणून विकणाऱ्याला ट्रंका उघडायला लावा.

तिसरी, मालक वारलेला. ‘बाबांनी टीटी फॉर्मवर (नाव बदलायच्या फॉर्म 29-30 वर) सह्या करून ठेवल्या होत्या’ असं सांगणाऱ्याचा सौदा तिथंच थांबवा. मेलेल्या माणसाच्या सहीवर नाव चढवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात घेणाराही ओढला जातो. वारसानं 30 दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरायचा असतो. बहुतेकांना हे माहीतच नसतं. आधी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. इथे दोन गोष्टी हमखास अडतात. मृत्यूच्या दाखल्यावर ‘रामभाऊ’ आणि आरसीवर ‘रामकृष्ण’. आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची संमती, जी घ्यायचं कोणाच्या मनातच येत नाही. बहीण आदिलाबादला दिली असेल तर तिला पोळ्याला येऊ द्या, पण सही घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

चौथी अडचण नंबरांची. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकलेला नंबर रंगाच्या थराखाली आणि गंजात दबलेला असतो. रॉकेलची चिंधी, तारेचा ब्रश, मग कागद ठेवून पेन्सिल फिरवा. आकडे उमटले की आरसीशी एकेक ताडून पाहा. ग्राइंडर मात्र चुकूनही लावू नका, खाडाखोड केल्याचा संशय येतो. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद नसेल तर ती आधी करून घ्यावी लागते. बदललं हे विकणाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसतं, कारण ते त्याच्या आधीच्या मालकानं बदललेलं असतं.

कधी काळी काळी-पिवळी, म्हणजे प्रवासी टॅक्सी, म्हणून चाललेली जीप असेल तर परमिट जमा केल्याचा कागद मागा. नुसता पांढरा रंग मारून गाडी खाजगी होत नाही.

आणि 1989 आधीचा, तीन अक्षरांचा जुना नंबर असेल तर नोंद संगणकावर आहे का ते एमपरिवहन ॲपवर पाहा. नसेल तर ज्या कार्यालयात गाडी पहिल्यांदा नोंदली तिथून ती चढवून आणावी लागते. यवतमाळची गाडी गडचिरोलीत घेतली तरी चक्कर यवतमाळचीच. तिथे मोबाइल नंबरही बरोबर नोंदवून घ्या, ओटीपी त्यावरच येतो.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत कळवायचं असतं. लोक फक्त घेणाऱ्याची मुदत ऐकतात. विकणाऱ्यांनो, गाडी दिली म्हणून सुटलात असं नाही. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. विम्यावर नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याला 14 दिवस असतात, त्यासाठी आरटीओचं काम संपायची वाट पाहत बसू नका. विक्री करार आणि फॉर्म 29 ची प्रत घेऊन विमा कंपनीकडे आधीच अर्ज द्या, पोच घ्या, आणि ती पोच गाडीच्या कागदांत ठेवा.