धोंडू, दगडू आणि एकुलती एक

नाशिकला रामकुंडावर काकांचे विधी आटोपल्यावर गुरुजींनी नामावळी, म्हणजे घराण्यातल्या पिढ्यांची नावं लिहिलेली वही, सोडली. गाव-आडनाव सांगितलं, पान निघालं. वरच्या ओळी मोडीत, त्या त्यांनीच वाचल्या: धोंडू, त्याचा भाऊ दगडू, पुढच्या पिढीत भिकाजी आणि कचरू. खाली खाली येत शेवटी चुलतभावाचं नाव, अमोल.

ही नावं हौसेनं ठेवलेली नाहीत. दोन-तीन पोरं लागोपाठ दगावली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे काळाची नजर त्याच्याकडे वळणार नाही. तान्हेपणी गेलेली पोरं नामावळीत कधी आलीच नाहीत. मागं राहिलेल्यांच्या नावांवरून ती कळतात. (मुलीही आल्या नाहीत, जगलेल्यासुद्धा.)

धोंडूपासून अमोलपर्यंतच्या या प्रवासाला अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'लोकसंख्या संक्रमण' म्हणतात. अमेरिकेच्या वॉरन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये त्याची मांडणी केली, १९४५ मध्ये फ्रँक नोटस्टाइन यांनी ती पक्की केली. आधी जन्म भरपूर आणि मृत्यूही भरपूर. मग मृत्युदर घसरतो, पण जन्मदर काही काळ तिथंच राहतो, कारण पोरं जगतात हे आईबापांना पटायला एक-दोन पिढ्या जातात. लोकसंख्या फुगते ती या मधल्या काळात. पुढं जन्मही कमी होतात. इंग्लंडमध्ये मृत्युदर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उतरू लागला, जन्मदर मात्र १८७० नंतर. फ्रान्सनं हे गणित बिघडवलं: तिथं कारखाने येण्याआधीच जन्म घटू लागले होते. म्हणून 'आधी श्रीमंती, मग लहान कुटुंब' असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडचा पहिला टप्पा फार लांबला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून पसरला. त्यात दुष्काळ, पटकी, देवी. १९१८ ला इन्फ्लुएन्झा आला, जुनी माणसं त्याला मानमोडी म्हणत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. त्यानंतरच्या कुठल्याही जनगणनेत असं झालं नाही, म्हणून १९२१ ला महाविभाजन वर्ष म्हणतात. योगायोग असा की त्याच वर्षी र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मृत्युदर नुकता कुठं उतरणीला लागत होता आणि हा माणूस जन्मदराचं बोलत होता. लोकांनी वेड्यात काढलं, प्राध्यापकीवर पाणी सोडावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर मृत्यू झपाट्यानं कमी झाले. तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ पासून डीडीटीची मोहीम निघाली. आजी सांगायची, फवारणीवाले भिंती पांढऱ्या करून दारावर तारीख लिहून जायचे, आणि सणाला सारवलं तरी वास जायचा नाही. इंग्लंडला जे करायला शतक लागलं ते इथं फवाऱ्यानं आणि लशीनं काही वर्षांत उरकलं. १९५१ च्या सुमारास हजारी मृत्युदर २७ होता, १९७१ पर्यंत १५ वर आला. जन्मदर मात्र ४० वरून जेमतेम ३७. वाढीचं सगळं गूढ या चार आकड्यांत आहे. नाशिक जिल्ह्यात १९०१ साली आठ लाखांच्या आसपास माणसं होती, २०११ ला ६१ लाख. त्यात बाहेरून आलेलेही आहेत, सगळी वाढ पाळण्यातली नव्हे.

सरकारी कुटुंब नियोजन १९५२ चं. लाल त्रिकोण, 'हम दो, हमारे दो' हे सगळं नंतरचं. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीचं विधेयकच मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्या धसक्यानं पुरुष या विषयापासून पळाले ते कायमचे. आजही ऑपरेशन म्हटलं की ते बाईचंच.

माझ्या मते जन्मदर घोषणांपेक्षा घरातल्या हिशेबानं उतरला. १९७१ मध्ये देशात हजार बाळांमागं १२९ वर्षाच्या आत जात. २०२० ला २८, महाराष्ट्रात १६. पहिली दोन जगणार याची खात्री झाल्यावर तिसरं कशाला? मुली शाळेत टिकल्या, लग्नं लांबली. निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागेच्या वाटण्या होऊन एकरभर वाट्याला येऊ लागल्यावर भाऊ किती असावेत, हे कुणी शिकवावं लागलं नाही. पेठ-सुरगाण्याची गोष्ट निराळी. तिथं दवाखाना आणि शाळा दोन्ही उशिरा पोचले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, १.७ निघाला. पिढीची जागा पिढीनं भरायला साधारण २.१ लागतो. आता मृत्युदरही पुन्हा वर जाणार, आजारानं नव्हे, वयानं. जपानचा मृत्युदर आज भारताच्या जवळपास दुप्पट आहे, कारण तिथं म्हातारी माणसं जास्त.

गुरुजींनी पेन काढून अमोलला विचारलं, "मुलं?" तो म्हणाला, "एकच. मुलगी." त्यांनी मान वरही केली नाही. "नाव सांगा," म्हणाले, आणि धोंडूच्या पानावर तिचं नाव लिहिलं.