पवनचक्की आणि आजार: निदान करायचे कसे?

पवनचक्क्यांजवळ राहणारी एखादी व्यक्ती सांगते की रात्री झोप लागत नाही, डोके जड राहते, कानात गुणगुण होते. चार दिवस परगावी राहिले की बरे वाटते आणि घरी परतताच त्रास पुन्हा सुरू होतो. 2009 मध्ये अमेरिकी डॉक्टर नीना पिअरपाँट यांनी 10 कुटुंबांतील 38 जणांच्या अशा तक्रारींना ‘विंड टर्बाइन सिंड्रोम’ हे नाव दिले, परंतु त्या पाहणीत दूर राहणाऱ्यांचा तुलनागट नव्हता. 2011 मध्ये कॅनडातील डॉक्टर रॉबर्ट मॅकमर्ट्री यांनी निदानाचे निकष सुचवले: घर 5 किलोमीटरच्या आत असणे, चक्क्या सुरू झाल्यावर प्रकृती बिघडणे, दूर गेल्यावर आराम पडणे आणि परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होणे.

निकष वाजवी वाटतात, पण खरी मेख इथेच आहे. दूर गेल्यावर बरे वाटणे हे आवाजामुळे होणाऱ्या त्रासाला लागू पडते, तसेच धास्तीमुळे होणाऱ्या त्रासालाही. न्यूझीलंडमधील एका प्रयोगात 54 जणांना काही वेळ खरा अवश्राव्य ध्वनी, म्हणजे 20 हर्ट्झखालचा आवाज, आणि काही वेळ निव्वळ शांतता ‘ऐकवली’ गेली. ज्यांना आधी भीतीदायक माहिती दाखवली होती, त्यांची लक्षणे दोन्ही वेळा वाढली. याचा अर्थ ते सोंग करत होते असा मुळीच नाही, कारण धास्तीने उडालेली झोपही खरोखरच उडालेली असते.

ऐकू येणाऱ्या आवाजाचे प्रकरण वेगळे आहे. मिनिटाला 15 फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या चक्कीची पाती मिनिटाला 45 वेळा मनोऱ्यासमोरून जातात, आणि त्याच लयीत कमीजास्त होणारा ‘सूंऽ सूंऽ’ आवाज तितक्याच पातळीच्या एकसुरी आवाजापेक्षा अधिक खटकतो. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 1,238 घरांत केलेल्या पाहणीत घराबाहेरील आवाज 46 डेसिबलपर्यंत होता. त्याचा झोपेशी किंवा आजारांशी संबंध आढळला नाही, मात्र आवाज वाढला तशी त्रासिकपणाची तक्रार वाढली.

म्हणून डॉक्टरांनी आधी रक्तदाब, थायरॉइड, कानाचे विकार, झोपेत श्वास अडखळणे आणि नैराश्य तपासावे, कारण चक्कीवर ठपका ठेवला की हे सारे नजरेआड होते. त्यानंतर रुग्णाला काही आठवडे झोपेची नोंदवही ठेवायला सांगावी: किती वाजता जाग आली, खिडकी उघडी होती का, आवाज ऐकू येत होता का. चक्की कोणत्या रात्री चालू होती याची नोंद मात्र चालकांकडून घ्यावी आणि दोन्ही वह्या शेवटीच ताडून पाहाव्यात.