कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर (विद्यापीठीय अध्ययन)

विद्यापीठात शिकताना वा संशोधन करताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची, विशेषतः मजकूर रचणाऱ्या भाषा-प्रारूपांची, मदत घेण्याची मर्यादशील पद्धती. ज्या आकलनासाठी पदवी दिली जाते ते विद्यार्थ्याचेच असावे, घेतलेली मदत उघड केलेली असावी आणि सादर केलेल्या प्रत्येक विधानाचे उत्तरदायित्व विद्यार्थ्याने स्वतः घ्यावे, अशा तीन अटी तीत सामान्यतः अभिप्रेत असतात. तिसरी अट बहुतेक सर्वत्र मान्य आहे. पहिल्या दोहोंच्या व्याप्तीविषयी मतभेद आहेत.

हा प्रश्न केव्हापासून सुरू झाला, याबाबत एकमत नाही. काहीजण त्याचे मूळ १९७० च्या दशकातील गणकयंत्रांविषयीच्या वादात पाहतात. हे साम्य फार ताणता येत नाही. गणकयंत्र सांगितलेली आकडेमोड करते, युक्तिवाद रचून देत नाही. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ शैक्षणिक सचोटीच्या चळवळीत आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये स्थापन झालेल्या व आता आंतरराष्ट्रीय शैक्षणिक सचोटी केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये प्रामाणिकपणा, विश्वास, न्याय्यता, आदर व जबाबदारी ही पाच मूल्ये मांडली. धैर्य हे सहावे मूल्य पुढे २०१४ च्या सुमारास आले. तिसरे मत अधिक नेमके आहे. बर्मिंगहॅम येथील रॉबर्ट क्लार्क व टॉमस लँकेस्टर यांनी २००६ मध्ये ‘कंत्राटी फसवणूक’ या प्रकाराची स्वतंत्र दखल घेतली. यात विद्यार्थी दुसऱ्याकडून निबंध वा आज्ञावली लिहून घेतो. तो मजकूर नव्याने लिहिलेला असल्यामुळे साम्य शोधणाऱ्या संगणकीय तपासणीत सापडत नाही. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने असा व्यवसाय गुन्हा ठरवला. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे भारतातही अपरिचित नाहीत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले आणि जे काम आधी पैसे मोजून होत असे ते फुकटात, काही सेकंदांत होऊ लागले. प्रस्तुत विषयाचे मूळ या तिसऱ्या धाग्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

वाङ्मयचौर्याशी संबंध : यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर हे वाङ्मयचौर्य ठरते काय, हा सर्वांत वादग्रस्त मुद्दा होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दुसऱ्या कोणाचे काम वा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे, अशी वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे. शोधप्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. साम्य त्याहून अधिक पण ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द होते. ही सर्व रचना साम्याच्या मोजणीवर उभी आहे. भाषा-प्रारूप दर वेळी नवी वाक्ये जुळवते, त्यामुळे संपूर्णपणे यंत्राने लिहिलेला प्रबंधही अत्यल्प साम्याचा निघू शकतो. शिवाय यंत्र हे कायद्याच्या अर्थाने ‘दुसरे कोणी’ आहे काय, याचे उत्तर विनियमांत नाही. ते चॅटजीपीटीच्या चार वर्षे आधीचे आहेत. हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला. हरियाणातील एका खाजगी विद्यापीठाने उत्तरे यंत्रनिर्मित असल्याच्या कारणावरून अनुत्तीर्ण ठरवलेल्या विधी विद्यार्थ्याने २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याने याचिका निकाली निघाली आणि मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.

हाँगकाँग विद्यापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा साधनांचा पूर्वपरवानगीशिवाय केलेला वापर संभाव्य वाङ्मयचौर्य मानला होता. त्याच वर्षात त्याचे धोरण पालटले. कॅनडातील शैक्षणिक सचोटीच्या अभ्यासक सारा ईटन यांनी वाङ्मयचौर्योत्तर काळाची कल्पना मांडली आहे. माणसाचे व यंत्राचे लेखन इतके मिसळून जाईल की त्यांच्यात रेघ ओढणे निरर्थक ठरेल, पण उत्तरदायित्व माणसाला टाळता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यांखेरीज, हा प्रकार चोरीपेक्षा दुसऱ्याला परीक्षेस बसवण्याच्या जवळचा आहे, असेही एक मत आहे. त्यात मूळ लेखकाची हानी गौण ठरते. आपल्याला जे येत नाही ते येते असे विद्यार्थी भासवतो, हा दोष मुख्य ठरतो. हे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण मजकुराचे मूळ सिद्ध करता आले नाही तरी त्याची कसोटी लागू पडते. प्रकाशनाच्या क्षेत्रात भूमिका लवकर ठरली. प्रकाशननीती समितीने (कोप) फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की साधन लेखनाची जबाबदारी घेऊ शकत नसल्याने त्याला लेखक म्हणता येणार नाही. वापर मात्र उघड करावा.

शोधक साधने व त्यांची विश्वासार्हता : भाषा-प्रारूप प्रत्येक टप्प्यावर पुढील शब्दखंडाची संभाव्यता काढून मजकूर रचते. मजकूर यंत्राने लिहिला आहे काय हे ओळखू पाहणारी अनेक शोधक साधने हेच गणित उलट बाजूने वापरतात. दिलेला मजकूर प्रारूपाला किती अपेक्षित वाटतो आणि ही अपेक्षितता वाक्यागणिक किती कमीजास्त होते, हे मोजले जाते. फार अपेक्षित व एकसुरी मजकूर यंत्राचा मानला जातो. निष्कर्ष त्यामुळे नेहमी संभाव्यतेचा असतो, पुराव्याचा नसतो. ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या शोधकाने, तिच्याच माहितीनुसार, यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये तो मागे घेण्यात आला. एप्रिल २०२३ मध्ये लेखनातील साम्य तपासणाऱ्या टर्निटिन या कंपनीने अशी सुविधा सुरू करताना चुकीच्या ठपक्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचे सांगितले. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब मांडला, की २०२२ मध्ये आपल्याकडून तपासणीस गेलेल्या ७५,००० लेखांवर एक टक्का चूक धरली तरी सुमारे ७५० लेख नाहक संशयात आले असते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने ही सुविधा बंद केली.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स झू यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात शोधकांना दिले असता सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ अचूक ओळखले गेले. कारण उघड आहे : परक्या भाषेत लिहिणारा मोजका शब्दसंग्रह व पाठ असलेल्या वाक्यरचना वापरतो आणि यंत्राला नेमके तेच अपेक्षित असते. ज्यांनी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत प्रकल्प अहवाल लिहायला घेतले, त्यांच्या लेखनाला हेच लागू होण्याचा संभव मोठा आहे. अशा विद्यार्थ्याला केवळ शोधकाच्या टक्केवारीवरून दोषी ठरवणे अन्यायकारक आहे. मजकुरात निर्मितीच्या वेळीच सांख्यिकीय खूण दडवण्याचे तंत्रही विकसित झाले आहे. गूगल डीपमाइंडची या तंत्राची पद्धत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र मजकूर पुन्हा लिहिला वा भाषांतरित केला की ही खूण पुसट होते.

रचलेले संदर्भ : प्रारूप संदर्भसूचीही संभाव्यतेनेच जुळवते. नियतकालिक खरे, लेखकाचे नाव परिचित आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असे त्यामुळे घडते. वॉल्टर्स व वाइल्डर यांच्या २०२३ च्या तपासणीत चॅटजीपीटीमागील जीपीटी-३.५ या प्रारूपाने दिलेल्यांपैकी ५५ टक्के, तर त्यानंतरच्या जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ बनावट निघाले. पुढील प्रारूपांत सुधारणा झाली असली, तरी न वाचलेला संदर्भ सूचीत न देण्याचा जुना दंडक त्यामुळे अधिकच आवश्यक झाला आहे. मराठी साहित्य, संतवाङ्मय वा स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी येथे दुप्पट दक्षता घ्यावी. मराठीतील पुष्कळसे संशोधन जुन्या नियतकालिकांत व ग्रंथालयांत छापील स्वरूपातच आहे आणि जे यंत्राच्या वाचनात आले नाही त्याची पोकळी ते आत्मविश्वासपूर्ण वाक्यांनी भरते.

अध्ययनावरील परिणाम : निष्कर्ष संमिश्र आहेत. तुर्कस्तानात शाळेच्या वरच्या वर्गांतील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, थेट उत्तरे देणारे साधन वापरणाऱ्यांना सरावात ४८ टक्के अधिक यश मिळाले. साधन काढून घेतल्यावरच्या परीक्षेत ते इतरांहून १७ टक्क्यांनी मागे पडले. केवळ इशारे देणाऱ्या साधनात ही हानी बहुतांशी टळली. उलट, हार्व्हर्डमधील भौतिकीच्या १९४ विद्यार्थ्यांच्या प्रयोगात काळजीपूर्वक रचलेल्या यांत्रिक शिक्षकाकडून वर्गापेक्षा कमी वेळात अधिक शिकणे घडले. दोन्ही प्रयोग मर्यादित आहेत. तरीही साधन उत्तर देते की विचार करायला लावते, यावर फलित अवलंबून असावे, एवढे म्हणता येते.

धोरणे : पॅरिसच्या सिआंस पो या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये घातलेली बंदी वस्तुतः उल्लेखाविना केलेल्या वापरावर होती. ब्रिटनच्या रसेल गट या संशोधनप्रधान विद्यापीठांच्या संघातील २४ विद्यापीठांनी जुलै २०२३ मध्ये पाच तत्त्वे स्वीकारून बंदीऐवजी विद्यार्थी व शिक्षक यांच्या साक्षरतेवर भर दिला. सप्टेंबरमध्ये युनेस्कोची मार्गदर्शिका आली. सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन मार्ग केले : देखरेखीखालील परीक्षेत साधनांना मज्जाव आणि घरी करावयाच्या कामात मुभा. भारतीय विद्यापीठांत तोंडी परीक्षेची परंपरा आधीपासून आहे. प्रकल्प व प्रबंधासाठी ती गांभीर्याने, पुरेसा वेळ देऊन घेतली, तर कोणत्याही शोधक साधनापेक्षा अधिक विश्वसनीय ठरेल. मदत उघड करताना साधनाचे नाव, वापराचा दिनांक, कोणत्या टप्प्यावर काय विचारले आणि मिळालेल्या मजकुराचे पुढे काय केले, एवढे नमूद करण्याचा प्रघात पडत आहे.

यूरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने शिक्षणसंस्थांतील प्रवेश व मूल्यमापन यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या ठरवल्या असून, शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय व सुरक्षाविषयक अपवाद वगळता, बंदी आहे. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम संमत झाला आहे. क्षेत्रकार्यात घेतलेल्या मुलाखती, रुग्णांच्या नोंदी वा सहाध्यायांचे अप्रकाशित लेखन संबंधितांच्या संमतीशिवाय अशा साधनांत भरू नये, कारण तो मजकूर कंपनीच्या संगणकांवर साठतो आणि सेवेच्या अटींनुसार पुढील प्रारूपांच्या प्रशिक्षणातही जाऊ शकतो.