जेवणाची तारीफ कोरियनमध्ये : मेसेज टाकण्याआधी एवढं वाचा

"मॅडम, 'जेवण मस्त झालंय'ला कोरियनमध्ये काय म्हणतात? लवकर सांगा, समोर बसलोय."

असा मेसेज आम्हाला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. पाठवणारा बहुधा चाकण, तळेगाव किंवा रांजणगावच्या एखाद्या कंपनीतला आमचाच विद्यार्थी असतो. कधी तो थेट कोरियातल्या उल्सान शहरातून येतो. तिथे संध्याकाळी सातला जेवायला बसतात, तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. ही वेळ पुण्यात कशासाठी राखीव आहे ते वेगळं सांगायला नको. तरी आम्ही उत्तर देतो. फक्त आधी उलट विचारतो: कोणाला म्हणायचंय? जेवणाआधी की नंतर? रांधलंय कोणी आणि पैसे कोण देणार आहे? यावर काहीजण वैतागतात. "एक साधं वाक्य विचारलं तर उलटतपासणी कसली?" म्हणून हे पत्रक.

शब्द सगळ्यांना ठाऊक असतो: माशिस्सॉयो. 'मात' म्हणजे चव, 'इत्ता' म्हणजे असणं. जोडून म्हणताना 'त'चा 'श' होतो आणि अर्थ निघतो 'चव आहे'. उलट म्हणायचं तर मादॉप्सॉयो, 'चव नाही'. हा दुसरा शब्द फक्त ऐकून समजण्यापुरता ठेवा.

(एरवी वर्गात आम्ही देवनागरीत कोरियन लिहू देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. इथे पत्रकाची अडचण म्हणून लिहितोय. 'ज' सगळीकडे 'जेवण'मधला घ्या, 'जाळं'मधला नको. तो दुसरा ज कोरियनमध्ये नाहीच आणि मराठी माणूस तिथे हमखास ओळखू येतो.)

या शब्दाच्या पायऱ्याही बहुतेकांना माहीत असतात. मित्राला, धाकट्याला माशिस्सॉ. शेपटाला 'यो' लावला की चारचौघांत चालेल असं माशिस्सॉयो. मीटिंगमध्ये, मोठ्या साहेबांपुढे माशिस्सुम्निदा. मालिका बघून आलेली मंडळी 'यो' गाळतात, कारण पडद्यावरचे नायक-नायिका बरोबरीच्या माणसांशी बोलत असतात आणि तुमचे प्लँट मॅनेजर तुमच्या बरोबरीचे नसतात. पण ही चूक एका तासात सुटते, तिचं आम्हाला फारसं काही वाटत नाही.

आमचा वेळ खाते ती दुसरीच चूक. ती आळशी विद्यार्थी करत नाहीत, मन लावून शिकणारेच करतात.

कोरियन क्रियापदाच्या पोटात 'शि' घातला की ती क्रिया करणाऱ्या माणसाला मान मिळतो. आपल्याकडे 'बाबा आला'चं 'बाबा आले' होतं, तसंच काहीसं. ऐकणाऱ्याला द्यायचा मान वेगळा असतो, तो शेपटात बसतो: 'यो' किंवा 'म्निदा'. मानाच्या जागा दोन आणि घोळ इथेच होतो. 'खाणे'ला साधा शब्द मॉक्ता आणि मानाचा दुशिदा. विद्यार्थी वहीत लिहितो, "दुशिदा : खाणे, आदरार्थी." मग साहेबांनी जेवायला नेलं की त्याला वाटतं, आज आदरार्थीच बोलायला हवं. जेवण झाल्यावर तो उठतो, कमरेत नीट वाकतो आणि म्हणतो, "जाल दुशॉस्सुम्निदा."

सगळा आदर त्याने स्वतःलाच वाहिला. फोनवर "मी जोशीसाहेब बोलतोय" म्हणणारा माणूस आठवा. तसं ऐकू येतं ते.

बरोबर वाक्य साधं आहे: जाल मॉगॉस्सुम्निदा. "छान जेवलो." खाणारे आपण, म्हणून क्रियापद साधं. ऐकणारे साहेब, म्हणून शेपटात 'म्निदा'.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा जास्त लिहिते. जॉन्जू शहरात मोड आलेल्या सोयाबीनचं सूप भातासकट देतात, गावाची ती ओळखच आहे. सकाळी मातीच्या भांड्यात उकळतं पुढ्यात आलं, जीभ भाजून घेत संपवलं आणि पैसे द्यायला गेले. गल्ल्यावरच्या मावशींनी विचारलं, "माशिक्के दुशॉस्सॉयो?" म्हणजे, आवडीने जेवलात ना? मी ऐटीत उत्तर दिलं, "ने, माशिक्के दुशॉस्सॉयो." मावशी हसल्या आणि हातात एक पेपरमिंटची गोळी ठेवली. मला वाटलं, उच्चार आवडला. काय म्हणून बसले ते बसस्टॉपवर मैत्रिणीने सांगितलं.

मराठीत आपण असं कधी चुकत नाही. "जेवलात का?" असं कुणी विचारलं तर आपण "हो, जेवलात" म्हणत नाही, 'जेवलो' किंवा 'जेवले' आपोआप येतं, कारण मराठी क्रियापद माणसाप्रमाणे बदलतं. कोरियन क्रियापद मी-तू-तो प्रमाणे बदलत नाही. त्यामुळे समोरच्याचंच वाक्य जसंच्या तसं परत केलं तरी कानाला काही खटकत नाही. खटकायला हवं तिथे खटकावं एवढ्यासाठीच आम्ही वर्गात तोच प्रश्न चाळीस चाळीस वेळा विचारतो. प्रश्नात 'दुशि' आला की उत्तरात 'मॉक' यायला हवा: ने, माशिक्के मॉगॉस्सुम्निदा. ("ने" म्हणजे "हो". ताट उचलून न्यायला कुणी सांगत नाहीये.)

घरी जेवायला बोलावलं तर हाच सापळा दुसऱ्या कपड्यांत येतो. यजमान विचारतात, "इबे माजुसेयो?" तोंडाला रुचतंय ना? त्या 'सेयो'त तोच मानाचा 'शि' लपलेला असतो. उत्तर, "ने, जाल माजायो."

चुकीचा आणखी एक अवतार म्हणजे मान जेवणालाच देणं. "उम्शिगी माशिस्सुशिम्निदा" हे वाक्य आम्ही टोपिकची (कोरियन भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेची) दुसरी पातळी पास झालेल्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे, आणि त्यांचा काही दोष नाही. टोपिकच्या पहिल्या दोन पातळ्यांच्या परीक्षेत फक्त ऐकणं आणि वाचणं तपासतात, तोंड उघडायची वेळच येत नाही. वाक्याचा भाव मात्र 'भाजीसाहेब चविष्ट आहेत' असा होतो. गंमत म्हणजे खुद्द कोरियातल्या कॅफेंत असं सर्रास ऐकू येतं: "खॉफी नाओशॉस्सुम्निदा", कॉफीबाई आलेल्या आहेत. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून नोकरीवरची पोरं वस्तूलाच मान देऊन मोकळी होतात. तिथली राष्ट्रीय कोरियन भाषा संस्था याला चूकच म्हणते. तेव्हा "मी सोलमध्ये स्वतः ऐकलंय" हा युक्तिवाद आमच्याकडे चालत नाही. (माशिस्सॉयोतला 'शि' मानाचा नाही, तो नुसता सांध्यातून आलेला आहे. दर बॅचला हे कुणीतरी विचारतंच.)

मग आदर दाखवून तारीफ करायचीच असेल तर? मराठी माणसाला हे फार सोपं आहे. आपण म्हणतो ना, "काकूंच्या हाताला चव आहे"? कोरियनमध्ये अगदी हाच शब्द आहे: सोन्मात. 'सोन' म्हणजे हात, 'मात' म्हणजे चव. घरी रांधून वाढणाऱ्या बाईंना म्हणा, "सोन्माशि जोउशिनेयो." तुमच्या हाताला काय चव आहे हो! इथे 'जोउ'नंतरचा 'शि' शंभर टक्के बरोबर, कारण हात त्यांचा, म्हणून मान त्यांचा. मोठ्या माणसाचा हात, आवाज, कसब यांना दिलेला मान त्या माणसाला पोचतो. वाडग्यातल्या सूपला दिलेला पोचत नाही.

वाक्याच्या शेवटच्या 'नेयो'कडेही लक्ष द्या. नुकतंच जाणवलं, असा त्याचा सूर असतो, आपल्या "छान झालंय की!" मधल्या 'की'सारखा. पहिला घास खाऊन "माशिन्नेयो!" म्हटलं तर ते मनापासूनचं वाटतं. घास तोंडात जायच्या आत म्हटलं तर पाठ करून आलेलं वाटतं, आणि ते खरंही असतं.

आता वेळेबद्दल. जेवणाआधी जाल मॉक्केस्सुम्निदा ("छान जेवेन"), नंतर जाल मॉगॉस्सुम्निदा. फक्त ही दोन वाक्यं चोख आली तरी निम्मं काम झालं. ती स्वयंपाक करणाऱ्याला म्हणतात, तशीच बिल देणाऱ्यालाही. कंपनीच्या जेवणात साहेबांनी पैसे दिले तर बाहेर पडताना त्यांना जाल मॉगॉस्सुम्निदा म्हणायचं राहून जाऊ देऊ नका. आपल्याकडे असं मुद्दाम म्हटलं तर परकं वाटतं, तिथे नाही म्हटलं तर उणं वाटतं. आधीचं वाक्य म्हटलं म्हणून लगेच चमचा उचलायचा नाही. टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या माणसाने उचलेपर्यंत थांबायचं.

यजमानीणबाई वाढताना म्हणतील, "छारिन गॉन ऑप्चिमान मानि दुसेयो." काही विशेष मांडलेलं नाही, पण पोटभर जेवा. समोर बारा वाट्या मांडलेल्या असतात. आपल्या आज्यासुद्धा पुरणपोळी वाढून "काही केलं नाही हो" म्हणत. तेव्हा "नाही हो, किती केलंय!" याचं कोरियन भाषांतर करत बसू नका. नुसतं जाल मॉक्केस्सुम्निदा म्हणा आणि जेवायला लागा. अर्ध्यावर "हान गुरुत दॉ जुसेयो", अजून एक वाडगा द्या, एवढं म्हटलंत तर बाकी सगळ्या तारिफा फिक्या पडतात. ज्या तोंडीलावण्याबरोबर भात कधी संपला ते कळत नाही, त्याला तिथे पाप्तोदुक म्हणतात, भाताचा चोर. सोया सॉसमध्ये मुरवलेला खेकडा हा त्यातला नामांकित चोर.

माशिस्सॉयोच्या पुढे जायचं असेल तर एकदोन शब्द पुरेत. तिळाचं तेल, भाजलेले दाणे, कुरकुरीत नोरी (समुद्री शेवाळाचे पातळ पापुद्रे) यांना "कोसोहानेयो" म्हणा. याला मराठीत 'खमंग' हा इतका चपखल शब्द आहे की हिंदी भाषक विद्यार्थ्यांना समजावताना आम्हाला पाच वाक्यं लागतात आणि तुम्हाला एक शब्द. तेलकट-मसालेदार नसलेल्या, साध्या नेटक्या चवीला ताम्बेखादा. आणि उकळतं सूप पिताना शेजारचे काका "शिवॉनहादा!" म्हणजे 'गार आहे!' असं म्हणाले तर दचकू नका. गरम रश्श्याने आतून मोकळं वाटतं, त्याला ते तसंच म्हणतात. "कुंग्मुरी शिवॉनहानेयो" हे परक्याच्या तोंडून ऐकलं की टेबलावर हमखास हशा आणि पुढचा वाडगा येतो. दोघे जेवत असताना एक मेला तरी दुसऱ्याला कळणार नाही इतकं चविष्ट, अशीही एक म्हण आहे. ती मात्र मित्रांतच ठेवा.

शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी वेगळं. भिडेखातर माशिस्सॉयो म्हणालात तर तेच पुन्हा वाढलं जाईल. साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी बऱ्याचदा सुक्या माशांचं असतं, किमचीतही कोळंबीचं खारवण किंवा माशाचा सॉस पडतो. त्यामुळे तारीफ करण्याआधी आपण काय खात नाही ते सांगून टाका. सांगताना "आन मॉगॉयो" (खात नाही) यापेक्षा "मोन मॉगॉयो" (खाऊ शकत नाही) मऊ पडतं. बौद्ध मठांत जेवायचा योग आला तर सोडू नका. तिथल्या स्वयंपाकात मांस नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या सासूबाई तिथे नुसत्या खुणांनी जेवून, तारीफ करून आल्या.

हाक काय मारायची, हाही नेहमीचा प्रश्न. खाणावळ चालवणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणतात, म्हणजे चक्क मावशी, आणि तीही आईची बहीणच. पण नव्या जागी 'साजांग्निम', म्हणजे मालक, हे बिनधोक. त्यात बाई-पुरुष हा भेद नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग एक यादी छापून द्या, खिशात ठेवतो. काही वर्षांपूर्वी दिली होती. ज्यांनी ती खिशात ठेवली, त्यांनीच पुढे साहेबांसमोर दुशॉस्सुम्निदा म्हटलं, कारण यादीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते आणि आदरार्थी कोणता तेवढंच लक्षात राहिलं होतं. म्हणून आता आम्ही वर्गात खरंच ताटवाट्या मांडतो. कुणी यजमान होतं, कुणी साहेब, कुणी गल्ल्यावरची मावशी. बाहेरून बघणाऱ्याला भातुकली वाटते. काही पालकांनी "यासाठी फी भरतो का?" असंही विचारलं आहे. हो, यासाठीच भरता. व्याकरणाची पुस्तकं बाजारात मिळतात.

ज्यांना पूर्ण कोर्स नकोय, पण कंपनीचं जेवण किंवा कोरियाचा दौरा तोंडावर आहे, त्यांच्यासाठी 'जेवणाचं टेबल' ही छोटी बॅच आहे: दोन शनिवार, दर वेळी दोन तास, एका वेळी सहाच जण. अक्षरओळख नसली तरी चालेल, पहिल्या तासाला तीच करून घेतो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना अर्धी फी. कंपनीत येऊनही घेतो, मात्र कँटीनमध्ये घेऊ द्यायला हवं, कॉन्फरन्स रूममध्ये नाही.

आणि मेसेज अजूनही जरूर पाठवा. फक्त त्यात चार गोष्टी लिहा: समोर कोण आहे, तुमच्याहून मोठं की लहान, जेवण सुरू व्हायचंय की संपलंय, आणि केलंय कुणी. पाच मिनिटांत उत्तर येईल. साडेतीनला पाठवलात तर चारनंतर.