मार्चमध्ये पानं झडली म्हणून झाड मेलं असं नाही

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे आपल्याला वाटतं इथे कसला आलाय दुष्काळ, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळून जातो आणि दिवाळीनंतर थेट मेअखेरपर्यंत बाग कोरडी. त्यात खाली जांभा, म्हणजे आपण चिरे काढतो तोच दगड. पावसाने त्यातली सिलिका कधीच धुऊन नेली, उरली लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणून तो लाल. पाणी त्यात टिकत नाही आणि फॉस्फरस ही ऑक्साइडं इतकं घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते सहज मिळतच नाही. बऱ्याच झाडांची मुळं एका बुरशीशी भागीदारी करतात, बुरशी फॉस्फरस शोधून आणते, झाड तिला साखर देतं.

अशा जागेत इथलीच झाडं लावा असं मी सगळ्यांना सांगते, पण मग त्यांना त्यांच्या पद्धतीने जगूही द्या ना! माट्टी घ्या, आपला राज्यवृक्ष. उन्हाळ्यात पानं टाकून देतो, कारण पाणी उडतं ते मुख्यतः पानांवरच्या बारीक छिद्रांतून, पानंच नाहीत तर खर्चही नाही. काही जुन्या माट्टीच्या खोडात तर पाणी साठलेलं असतं. कळलावी त्याहून पुढची. चवथीला माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या फळाफुलांच्या चौकटीत, बांधतो ती लाल-पिवळी फुलं येऊन गेली की वेल वाळतो आणि जमिनीखाली नुसता कंद झोपून राहतो. लोकांना वाटतं मेली, म्हणून रोज पाइप धरतात आणि कंद कुजतो, इतकं वाईट वाटतं बघून. पहिला पाऊस पडला की ती आपोआप वर येते. (कंद अतिशय विषारी आहे हं, मुलं आणि गुरं पोचणार नाहीत अशाच जागी लावा.) करवंद मात्र पानं टाकत नाही, त्याची पानं जाड चामड्यासारखी, आणि ऐन एप्रिल-मेच्या उन्हात फळं देतं.

रोपं जूनमध्येच लावा, म्हणजे मुळांना अख्खा पावसाळा मिळतो. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतंच, पण रोज शिंपडू नका, त्याने मुळं वरच्या वरच राहतात. आठवड्यातून एकदा भरपूर, सावकाश, खोल मुरेल असं द्या, नंतर हळूहळू बंद. कळलावीला तेवढं उन्हाळ्यात अजिबात नको. आणि तो पालापाचोळा जाळणं कृपा करून थांबवा, झाडाच्या बुंध्यापासून थोडा लांब पसरून ठेवला तर माती तापत नाही, ओल टिकते आणि कुजून खतही होतं.

नर्सरीत करवंद मिळालं नाही तर सरळ मेमध्ये पिकलेली खा, बिया धुवा आणि लगेच पेरा, सुकवून ठेवू नका, जुन्या बिया नीट रुजत नाहीत.