नॅचरल वाइनमध्येही सल्फाइट असतात

नॅचरल, म्हणजे वरून जवळजवळ काहीच न घालता केलेल्या रेड वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकवणारी गंधकाची संयुगं) नसतातच, हा समज चुकीचा आहे. इटलीच्या पीमोंते प्रांतातल्या छोट्या कौटुंबिक द्राक्षमळ्याची बार्बेरा (याच नावाच्या द्राक्षांची रेड वाइन) घ्या. मागच्या लेबलवर बहुतेकदा ‘कोन्तिएने सोल्फीती’ दिसेल, म्हणजे ‘सल्फाइट आहेत’. वरून काहीच घातलं नसलं तरी रस आंबताना यीस्ट स्वतःच थोडे तयार करतं. लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की युरोपात हे छापावंच लागतं. नेहमीच्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या रेडला 150 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

सल्फाइट कमी म्हणजे राखणही कमी. बाटली गरम कपाटात राहिली, तर उरलेले जिवाणू जोर धरतात. वाइन फसफसते, आणि घोट गिळल्यावर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव मागे राहते. म्हणून ती 12–14 अंशांवर ठेवा. उघडल्यावर बूच लावून फ्रिजात, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. तळाचा गाळ मात्र दोष नव्हे.